किडा दिसला की किंचाळणारी धाकटी, चप्पल उचलणारा थोरला

‘आम्ही चिपळूणला राहतो. मुलगा ८ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची. पाऊस लागल्यापासून दोघंही घरात कोंडली गेली आहेत. धाकटी साधी मुंगी दिसली तरी किंचाळून पलंगावर चढते आणि थोरला चप्पल घेऊन धावतो. त्यातच शाळेनं त्याला ‘कीटक’ या विषयावर काहीतरी करून आणायला सांगितलंय. मोबाईलवर बघून आम्ही फुलपाखरू करायला घेतलं. त्याला लवदार रंगीत तारा, हलणारे प्लॅस्टिकचे डोळे, चमकी असं बरंच काही लागत होतं; निम्मं सामान इथे मिळालंच नाही. मुलं अर्ध्यातून उठून गेली, शेवटी मीच रात्री बसून ते पुरं केलं. घरातल्या वस्तूंमधून मुलांना स्वतःला करता येतील असे किडे सुचवाल का? आणि त्यानं ही भीती, ही मारामारी थोडी तरी कमी होईल का?’
– एक आई, चिपळूण

ताई, नमस्कार.

आधी शाळेचं बोलू, कारण ते काम डोक्यावर आहे. तुम्ही रात्री बसून पुरं केलेलं फुलपाखरू शाळेत पाठवू नका. ते छान झालं असेल, पण ते तुमचं आहे आणि हे तुमच्या मुलाला पक्कं ठाऊक आहे. बाईंनी त्याचं कौतुक केलं तर त्याला काय वाटेल, याचा विचार करा. त्याच्या हातून झालेला वेडावाकडा किडा जाऊ दे. मुलं अर्ध्यातून उठून गेली याचं मला मुळीच नवल वाटत नाही. त्या कामात त्यांनी करावं असं काही नव्हतंच. दुसऱ्यानं ठरवलेले तुकडे दुसऱ्यानं सांगितलेल्या जागी चिकटवायचे होते.

माझा सल्ला एवढाच: एक खरा किडा आधी नीट बघायचा, मग तो करायचा. सामानाचा प्रश्न त्यातूनच सुटतो. ‘याचे पाय कशाचे करू या?’ हा प्रश्न पडला की मुलं स्वतःच घरभर धुंडाळायला लागतात आणि खराट्याचा हीर घेऊन येतात.

बघायचं म्हणजे काय, तर काचेच्या बरणीत एखादा किडा हलक्या हातानं घ्यायचा, तोंडाला मलमलचा तुकडा बांधायचा, दहा मिनिटं बघायचा आणि जिथून आणला तिथे सोडून द्यायचा. विचारायचे प्रश्न दोनच. पाय किती? आणि ते कुठून निघालेत? कीटकाच्या शरीराचे तीन भाग असतात, डोकं, छाती आणि पोट. सहाही पाय छातीला असतात, पंखही छातीलाच. बाजारात मिळणाऱ्या चित्रांत आणि खेळण्यांत पाय सर्रास पोटाला चिकटवलेले असतात, फुलपाखराला दोनच पंख असतात. खरं तर त्याला चार असतात, दोन पुढचे आणि दोन मागचे. तुमच्या मुलानं एकदा बरणीतल्या किड्याचे पाय मोजले की तो ही चूक सगळीकडे शोधत सुटेल, तुम्हाला हैराण करेल. करू दे. रंग कुठलाही, आकार कसाही, डोळे हवे तेवढे मोठे चालतील. पण सहा पाय छातीलाच, एवढा एक नियम धरा.

कोळ्याला आठ पाय, म्हणून तो कीटक नाही. पावसाच्या सुरुवातीला शेतात दिसणारा लाल मखमली मृगाचा किडा नावानं किडा असला तरी मोठेपणी आठ पायांचा, कोळ्याच्या गोतावळ्यातला. हे थोरल्याला सांगा, शाळेत जाऊन सांगायला त्याला फार आवडेल.

आता तुमच्याकडच्या हवेबद्दल. कोकणातल्या जुलैत कागद लुळा पडतो, डिंक वाळत नाही आणि मुलांचा धीर सुटतो. म्हणून चिकटवण्यापेक्षा बांधायला, टोचायला, चिमट्यात धरायला शिकवा. बोथट सुई आणि जाड दोरा आठ वर्षांच्या मुलाला सहज जमतो. चिकटवायचंच असेल तर घरी खळ करा: एक चमचा मैदा अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचा आणि मंद आचेवर दाट, पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. गॅसजवळ तुम्ही उभ्या राहा. खळ लागेल तेवढीच करा. दुसऱ्या दिवशी तिला आंबूस वास येतो, मग बुरशी धरते. पूर्वी ती टिकावी म्हणून मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या कामात नको.

धाकटीपासून सुरुवात करू, कारण तिची भीती खरी आहे आणि तिला खरा किडा हातात धरायला लावायचं नाहीये. तिच्यासाठी ढालकिडा करा. इंग्रजीतला लेडीबर्ड तो हाच. वालाच्या किंवा चवळीच्या वेलावर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडला की तो खायला येणारा वाटोळा, नारिंगी, काळ्या खुणांचा किडा. समारंभातून उरलेला कागदी द्रोण घ्या आणि पालथा घाला, ही त्याची पाठ. द्रोण आतून चंदेरी असला तरी बाहेरचा साधा कागद रंग धरतो. रंगासाठी अर्धा चमचा हळद दोन चमचे पाण्यात कालवा आणि तिच्या हातून त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून घ्या. पिवळी हळद तिच्या डोळ्यांदेखत तांबूस होते. चार वर्षांच्या मुलीसाठी ही जादू पुरी पाच मिनिटं टिकते, सोडा आणखी टाकू का म्हणून ती विचारत राहील. जुने कपडे घालूनच हे करा, हळदीचे डाग निघत नाहीत.

रंग सुकला की ठिपके. त्यासाठी घरातल्या जुन्या काळ्या टिकल्यांची पाकिटं काढा. पाकिटावरून टिकली सोडवून नेमकी हवी तिथे चिकटवणं हे या वयातल्या बोटांना हवंहवंसं काम असतं, खळही लागत नाही. ठिपके किती? तिला हवेत तितके. ठिपक्यांवरून ढालकिड्याचं वय कळतं असं पुष्कळजण सांगतात, ते खरं नाही. ठिपके त्याच्या जातीप्रमाणे असतात, वयाप्रमाणे वाढत नाहीत.

मग तुम्ही कात्रीनं द्रोणाला मधोमध एक लांब काप द्या, पुढचं टोक तेवढं जोडलेलं ठेवा. पाठीचे दोन भाग उघडता आले पाहिजेत. कारण ढालकिड्याच्या पाठीवर दिसतात ती खरं तर दोन कडक झाकणं. उडायचे पातळ पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. उडायची वेळ आली की झाकणं बाजूला होतात आणि पंख बाहेर येतात. भेटवस्तूच्या वेष्टणाचा पारदर्शक जिलेटीन कागद कापून आत बसवा. पायांसाठी सुतळीचे तीन तुकडे द्रोणाच्या पुढच्या अर्ध्या भागाखाली आडवे बांधा. एका तुकड्याचे दोन पाय, तिनांचे सहा. ती स्वतःच मोजेल. डोकं काळ्या कागदाचं किंवा बाटलीच्या झाकणाचं.

आता हा किडा तिचा. झाकणं उघडायची, पंख काढायचे, परत मिटायचे, हे ती दिवसभर करेल. भीती अशी एका दिवसात जात नाही आणि ‘काही नाही होत गं, हात लाव’ म्हटल्यानं तर नाहीच जात. पण पळून जाण्याआधी ‘याला पण आत पंख आहेत का?’ असा प्रश्न तिनं विचारला, तर तेवढ्यावर खूश राहा. आणि तिच्याशी खोटं बोलू नका. काही किडे चावतात. गांधीलमाशी दंश करते, लाल मुंगी कडकडून चावते, केसाळ सुरवंटाला हात लागला तर आग आणि खाज सुटते. दोन्ही मुलांना सरळ नियम सांगा: केस असलेल्या अळीला बोट लावायचं नाही, गांधीलमाशीच्या पोळ्याजवळ जायचं नाही. कशाला भ्यायचं हे स्पष्ट कळलं की बाकीच्यांना भ्यायचं कारण आपोआप कमी होतं.

थोरल्याच्या शाळेसाठी माझ्या मनात एकच काम आहे आणि ते तुमच्या कढीपत्त्यापासून सुरू होतं. दारात कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर आज कोवळी पानं उलटसुलट करून बघा. पानावर पक्ष्याची वाळलेली शीट पडल्यासारखं काही दिसलं तर ते पुसू नका, ती बहुधा अळी आहे. लिंबावर आणि कढीपत्त्यावर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या लहानपणी काळपट-पांढऱ्या, अगदी शीटेसारख्या असतात, म्हणून पक्षी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. शेवटची कात टाकली की त्याच अळ्या हिरव्यागार होतात आणि पानात मिसळून जातात. अशा अळीला गवताच्या काडीनं हळूच डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुबेळकं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. एकदाच दाखवा, सारखं छळू नका.

या फुलपाखराचा सगळा जन्म एका वाळक्या फांदीवर करायचा. फांदी डब्यात मातीत उभी करा. अंडं म्हणजे राजगिऱ्याचा एक दाणा, खळीनं कोवळ्या टोकाजवळ चिकटवलेला. खरं अंडंही जवळपास तेवढंच, फिकट पिवळं आणि गोल असतं. आठ वर्षांच्या मुलाला हा दाणा उचलायला बोटं पुरत नाहीत, काडीचं टोक ओलं करून तो उचलावा लागतो. तेव्हा त्याला अंडं किती लहान असतं ते खरं समजतं. लहान अळीसाठी कापसाची जाड वात घ्या आणि तिला काळा दोरा इकडे जवळ, तिकडे विरळ असा गुंडाळा. मोठी अळी हिरव्या ब्लाउजपीसच्या चिंधीची: त्यात कापूस भरायचा आणि थोड्याथोड्या अंतरावर दोऱ्यानं आवळायचं, की वलयं तयार होतात. इथे मुलगा म्हणेल, अळीला तर पुष्कळ पाय आहेत, तुझा नियम मोडला. मोडला नाही. खरे, सांधे असलेले सहा पाय पुढे, डोक्यामागच्या तीन वलयांना असतात. मागचे मऊ, गुबगुबीत असतात ते पकडीचे आधार. फुलपाखरू होताना ते जातात. पुढच्या सहांसाठी मोहरी चिकटवा, मागचे कापसाचे करा, म्हणजे फरक दिसेल.

कोश वाळक्या पानाची सुरळी करून होतो. तो नुसता लटकवू नका. या फुलपाखरांचा कोश शेपटीकडून फांदीला चिकटलेला असतो आणि कमरेला रेशमाचा एक धागा असतो. त्या धाग्यावर तो मागे रेलून राहतो. हा धागा बांधणं हा या सगळ्या कामातला सगळ्यात नाजूक भाग आहे. दोन-तीनदा सुटेल. तुम्ही हात घालू नका.

आणि फुलपाखरू. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. मराठीत त्याला नीलवंत म्हणतात. ते तुमच्या कोकणात चांगलं दिसतं आणि त्याची अळीही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढते, त्यामुळे आपली फांदी जुळते. पंख पसरले की ते साधारण १२ ते १५ सेंटीमीटर भरतं, म्हणजे त्याच मापाचं करता येईल. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असेलच. तो जाड कागद ओलसर हवेतही उभा राहतो. पत्रिका दुमडून पुढच्या पंखांची जोडी एकदम कापायची, मग मागच्या पंखांची वेगळी. कोळशाची पूड खळीत कालवली की उत्तम काळा रंग होतो, पण मागच्या पंखांवर मोठाले आणि पुढच्यांवर लांबट पट्टे कोरे ठेवायचे. ते सुकल्यावर कपड्यांची नीळ पाण्यात अगदी फिकी करून कापसाच्या बोळ्यानं कोऱ्या जागी लावायची. नीळ तोंडात जाणार नाही एवढं बघा. शरीर म्हणजे कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा, पंख त्याच्या मध्यावर दोऱ्यानं बांधायचे. सोंडेसाठी कागदाची बारीक पट्टी पेन्सिलीभोवती गुंडाळून सोडायची. मिशांना हिराचे दोन बारीक तुकडे आणि टोकाला एकेक मोहरी; फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते, पतंगाला ती सहसा नसते. ही दोन मोहऱ्यांची गोष्ट बाईंना दाखवायला त्याला सांगा.

हे सगळं एका दिवसात करू नका. आज अंडं आणि लहान अळी, पुढचं उद्या-परवा. धाकटीला वीस मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका, ती उठली की तिचं काम संपलं.

मधल्या वेळात करायला सोप्या गोष्टी आहेत. चतुर करायला एक हीर, डोळ्यांसाठी दोन चिंचोके आणि कांद्याच्या जाळीच्या पिशवीचे चार लांबट पंख पुरतात. जाळीमुळे पंखातल्या शिरा आयत्या मिळतात. पंख पसरलेलेच ठेवा, चतुर बसतानाही ते पसरून बसतो. त्याची बारीक चुलतबहीण टाचणी मात्र मिटून बसते. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचा खेळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्यात तो जायबंदी होतो. या हीर-जाळीच्या चतुराला दोरा बांधा आणि घरभर पळवा. मुंग्या तर बोटांनीच होतात: कुंकवाच्या पाण्यात बोट बुडवून तीन ठसे ओळीनं, मधल्या ठशाला पेनानं सहा पाय. चिंचोके, मोहरी असलं बारीक सामान धाकटीच्या हाती असताना जवळ बसा, या वयाची मुलं ते नाकात-कानात घालतात.

आणखी एक. पावसात एखाद्या रात्री दिव्याभोवती पंखवाली वाळवी झुंडीनं येते आणि सकाळी फरशीवर नुसते पंख पडलेले असतात. केर काढण्याआधी मुलांना ते वेचायला लावा. वाळवीचे चारही पंख एकाच मापाचे असतात. खरे पंख लावून किडा करायची ही एकच रीत मला पटते, कारण त्यासाठी कोणाला मारावं लागत नाही. प्रकल्पासाठी किडे पकडून टाचणीला टोचायला मुलांना लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिली चप्पल. थोरल्याला ‘मारू नको, पाप लागतं’ असं सांगू नका. डास तुम्हीही मारता, झुरळही मारता, त्याला ते दिसतं. त्याच्याकडे एक किडा सोपवा. तुमच्या खिडकीच्या चौकटीत, फोटोमागे किंवा इलेक्ट्रिकच्या बोर्डाजवळ मातीचं लहानसं घरटं असणार, कोकणात ते नसलेलं घर विरळाच. ते कुंभारणीचं. ही बारीक कमरेची माशी एकटी राहते, गांधीलमाश्यांसारखी झुंडीनं अंगावर येत नाही. तिला हातात धरली नाही तर ती आपल्या वाटेला जात नाही. ती ओल्या मातीची गोळी तोंडात आणते आणि थर देत देत घर बांधते. काही जातींचं घर अगदी तोंड असलेल्या मडक्यासारखं असतं. त्यात ती डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या भरते, काही जाती कोळी भरतात. आत एक अंडं घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. पिल्लू बाहेर पडेपर्यंत त्याचं जेवण आतच असतं.

अंगणातली चिकट माती त्याला आणून द्या आणि तसं घर करायला सांगा. अट ही की मोठा गोळा घेऊन तो पोखरायचा नाही. हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून एकेक लावत, दाबत भिंत चढवायची. पहिली दोन मडकी कोसळतील. माती फार ओली असली की भिंत बसते, कोरडी असली की तडे जातात. ओल किती हवी हे त्याचं त्यालाच शोधावं लागेल. कुंभारीण तेच करते, तेही हातांशिवाय. तयार मडक्यात चिंधीच्या दोन अळ्या आणि एक साबुदाणा ठेवून तोंड लिंपलं की तेही शाळेत न्यायला हरकत नाही. फांदी आणि मडकं, प्रकल्पाला एवढं भरपूर झालं.

मग खरं घरटं दाखवा आणि ते सांभाळायचं काम त्याला द्या. ते दिसलं त्या दिवसाची तारीख त्याच्याकडून कॅलेंडरवर लिहून घ्या, झाडलोट करणाऱ्याला ‘हे काढायचं नाही’ हे त्यालाच सांगू द्या. लिंपलेल्या भिंतीला एक दिवस गोल भोक पडलेलं दिसेल. भोक म्हणजे आतली माशी निघून गेली. त्यानंतर ते घरटं सुरीच्या टोकानं भिंतीवरून सोडवा, वर्तमानपत्रावर ठेवा आणि दोन्ही मुलांना उघडून बघू द्या. धाकटी लांबून बघते म्हणाली तर लांबून.